झावळीची पन्हळ

अंकलना केळं थेट सोलून खाताना मी कधी पाहिलं नाही. आधी ते केळं हातात आडवं धरून उजेडासमोर न्यायचे, एक डोळा मिटायचे, बोटाने त्याच्या पाठीवरून शेंड्यापासून देठापर्यंत सावकाश जायचे आणि मग म्हणायचे, "हा वर्तुळाचा तुकडा नाही. लोकांना उगाच वाटतो." एवढं झालं की केळं खायचे. वसईत केळ्यांना तोटा नाही, त्यामुळे हे वाक्य मी पुष्कळ वेळा ऐकलं.

मी त्यांचा भाडेकरू. वसईच्या कोर्टात स्टेनो म्हणून माझी बदली झाली तेव्हा ओळखीच्या एका वकिलांनी पापडीतलं हे घर दाखवलं. खाली अंकल आणि आंटी, वर मी. सांगलीकडच्या माणसाला इथलं सगळंच नवीन होतं. घराला लागून वाडी, वाडीत केळी आणि चाफा, विहिरीवर पंप आणि पडवीच्या कोनाड्यात मरियेची मूर्ती. दोघं आपसांत त्यांच्या घरच्या बोलीत बोलत. ती मला पहिले काही महिने अजिबात कळत नव्हती, त्यामुळे भांडण चाललंय की गप्पा, याचा अंदाज मी भांड्यांच्या आवाजावरून घ्यायचो. माझ्याशी मात्र अंकल शाळेत धडा वाचून दाखवावा असं स्वच्छ मराठी बोलत. मला ते 'कोर्ट' म्हणायचे. "काय कोर्ट, जेवलात का?" असं.

राहायला आलो त्या दिवशी पडवीच्या भिंतीवर कोळशाने काढलेल्या तीन मोठ्या कमानी दिसल्या. एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी. मला वाटलं, नातवंडांनी काढल्या असतील. नातवंडं कॅनडात होती. कमानी आजोबांनी काढल्या होत्या.

त्याची हकीकत अंकल कुणालाही सांगायचे, गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा. कॉलेजात ते विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला होते. गणिताच्या सरांनी एक दिवस फळ्यावर समीकरण लिहिलं आणि म्हणाले, चाक सपाट जमिनीवरून चाललंय, चाकाच्या कडेवर एक ठिपका आहे, तो ठिपका हवेत कशी वाट काढत जाईल? डोळे मिटा आणि ती वाट डोळ्यांपुढे आणा. सगळ्या वर्गाने डोळे मिटले. अंकलनीही मिटले. थोड्या वेळाने ते उभे राहिले आणि म्हणाले, "सर, काही दिसत नाही." वर्ग हसला. सर म्हणाले, "मग कॉमर्सला जा."

"आणि मी गेलो," अंकल सांगायचे. "रागाने नाही हं, कोर्ट. मला वाटलं, सर बरोबर बोलतायत."

मग मुंबईत एका विमा कंपनीच्या ऑफिसात सगळी नोकरी. निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या शेडमधून जुन्या सायकलचं चाक काढलं, कडेला कोळशाचा तुकडा बांधला आणि ते चाक पडवीच्या भिंतीला टेकवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ढकलत नेलं. भिंतीला नुकताच रंग दिलेला होता. आंटी चर्चमध्ये गेल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा अंकल खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होते.

"दिसली," अंकल म्हणाले.

"मलापन दिसली," आंटी म्हणाल्या. "आता पुसा."

ती काही पुसली गेली नाही.

या वाटेला मराठीत चक्रज म्हणतात, हे मला अंकलनी सांगितलं. मी मराठी टायपिंगवर पोट भरणारा माणूस, पण हा शब्द माझ्या बोटांखालून कधी गेला नव्हता. गणिताच्या एका पुस्तकात या चक्रजाचा एक गुण दिला होता आणि अंकलच्या सगळ्या त्रासाचं मूळ तोच गुण. कमान उलटी करायची, म्हणजे तिची खोलगट पन्हळ होते. पन्हळीच्या अगदी वरून एक गोटी सोडायची आणि त्याच वेळी मधूनच कुठून तरी दुसरी सोडायची. दोन्ही गोट्या तळाला एकाच वेळी पोचतात. वरची गोटी लांबून येते, पण उतार तिथे जास्त असल्याने वेग घेते आणि मधलीला बरोबर तळाशी गाठते.

"पुस्तक म्हणतं," अंकल म्हणायचे. "पुस्तक काय, काहीही म्हणेल."

कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवणं त्यांना जमतच नसे. एकदा झालेली गोष्टही त्यांच्या लेखी झालेली नसायची. फाटकाला कुलूप लावलं की ते ओढून बघायचे, चार पावलं जाऊन परत यायचे आणि पुन्हा ओढायचे. डॉक्टरांनी रक्तदाब बरा आहे म्हटलं, की दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन मोजून घ्यायचे आणि तोही बरा निघाला, की पहिल्यांकडे परत. वायरमनने पडवीतला दिवा दुरुस्त केला तेव्हा त्यांनी बटण इतक्या वेळा चालू-बंद केलं, की दिवा पुन्हा गेला. वायरमन अजून शिडीवरून खाली उतरला नव्हता.

तर पन्हळ करून बघणं भागच होतं. दोन पन्हळी शेजारी शेजारी उभ्या करायच्या, दोन्हींच्या तळाला एकच लाकडी पाट आडवा लावायचा. एका दोरीला दोन झडपा बांधायच्या आणि दोरी ओढली की दोन्ही गोट्या एका क्षणी सुटायच्या. गोट्या पाटावर आपटतील. दोन वेगळे आवाज आले तर पुस्तक खोटं, एकच आवाज आला तर खरं. एवढं सरळ होतं. पुठ्ठ्याची केली, तर गोटी जोडावर अडखळायची. बांबूच्या कामट्यांची केली, तर वरच्या टोकाला जिथे उतार एकदम उभा होतो तिथे कामटी मोडायची. केळीच्या खोडाच्या सोपटाची पन्हळ फार देखणी झाली होती, हात लावला तर गारगार लागायची. दुसऱ्या दिवशी ती सुकून वेडीवाकडी झाली. वायरिंगची प्लास्टिकची पट्टी मे महिन्यात उन्हाने लोंबली.

अर्नाळ्याची मासळीवाली एक दिवसाआड फाटकात पाटी उतरवायची आणि हा प्रकार बघायची. एकदा न राहवून तिने आंटींना विचारलंच, "अंकलाला काय काम नाय का ओ? म्हनावं, बोंबील साफ करून दे, पानी मी घालते."

"ते बोंबील पन वाकवून बघतील," आंटी म्हणाल्या.

शेवटी सामान सापडलं ते घरातच, देवाच्या तसबिरीमागे. ईस्टरच्या आधी झावळ्यांचा रविवार येतो. त्या दिवशी चर्चमध्ये माडाच्या कोवळ्या, पिवळसर पाती आशीर्वादून देतात. लोक त्या घरी आणतात आणि येशूच्या तसबिरीमागे खोचून ठेवतात. त्या टाकायच्या नसतात. वर्षभराने, उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी, चर्चमध्ये परत द्यायच्या. तिथे त्या जाळतात आणि राखेच्या बुधवारी तीच राख सगळ्यांच्या कपाळाला लावतात. वाडीतली पात नुसती सुकवली तर तिला पीळ पडतो. पण तसबीर आणि भिंत यांच्यामध्ये वर्षभर दाबून राहिलेली पात सरळसोट, चिवट आणि हवी तशी वळणारी होते, हे अंकलच्या हाताला कळलं. त्यांनी माझा हात धरून तिच्यावरून फिरवला.

"हात लावा, कोर्ट. याला म्हणतात माल."

पण एका घरात असून असून किती पाती असणार? एक, फार तर दोन. अंकलनी सगळं गाव धरलं. जानेवारीत घरोघर जायचे, बसायचे, चहा घ्यायचे आणि उठताना तसबिरीकडे बोट दाखवून म्हणायचे, "ती झावळी मी चर्चमध्ये पोचवतो ना, तुम्हाला खेप नको." बायकांना बरंच वाटलं. अंकलनी त्या पातींच्या चटईसारख्या दोन अरुंद पट्ट्या विणल्या आणि हिरांच्या चौकटीवर ताणून, भिंतीवरच्या कमानीला लावून लावून आकार दिला. गुळगुळीत व्हावी म्हणून वर मेण घासलं. मेणाचाही शोध त्यांनीच लावला होता. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी कबरींवर मेणबत्त्या लावतात, त्यांचं वितळून थिजलेलं मेण ते पिशवीत भरून आणायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, दफनभूमी साफ करतोय.

पन्हळ झाली आणि नवीनच पंचाईत उभी राहिली. आवाज एक आला की दोन, हे ठरवायचं कुणी? अंकलचा स्वतःवर भरवसा नव्हता. "मला एक हवाय, म्हणून मला एकच ऐकू येणार," ते म्हणाले. वीसेक वर्षं लोकांच्या साक्षी उतरवून घेतल्यात मी, पण स्वतःविषयी इतकं चोख कुणी बोललेलं माझ्या तरी कानावर नाही. माझं नाव त्यांनी बाद केलं, कारण मी भाडेकरू, मी त्यांना बरं वाटेल तेच सांगणार. राहिल्या आंटी. आंटी तरुणपणापासून चर्चच्या गायनमंडळात होत्या. चाळीस जण गात असताना कुणाचा सूर किंचित खाली गेला, तर त्या नुसती मान वळवून बघायच्या आणि तो माणूस गप्प व्हायचा. शिवाय अंकलना बरं वाटावं म्हणून काही बोलायची सवय त्यांना मुळीच नव्हती.

मग रोज संध्याकाळी, मी कोर्टातून येऊन चहा पीत असताना, खालचा कार्यक्रम मला वर ऐकू यायचा. आंटी स्वयंपाकघरात. अंकल पडवीत. दोरीचा आवाज, गोट्यांची घरघर, पाटावर टकटक, आणि मग आतून आंटी:

"दोन!"

त्यानंतर थोडी खुडबुड, कुठे तरी पात घट्ट करायची, कुठे मेण. पुन्हा दोरी.

"दोन!"

आंटी काम सोडून कधी बाहेर येत नसत. कधी भाकरी थापता थापता ओरडायच्या, कधी कुणाशी फोनवर बोलता बोलता मधेच "दोन!" म्हणून पुढचं बोलायच्या. फोनवरच्या माणसाला काय वाटत असेल कोण जाणे.

फादर एकदा येऊन बघून गेले. तरुण होते, हसतमुख. म्हणाले, "अंकल, काय सुंदर आहे हे! वरून निघालेला काय आणि मधून निघालेला काय, शेवटी सगळे एकदमच पोचणार. मी प्रवचनात सांगू का?"

"नको फादर," अंकल म्हणाले. "अजून दोन येतायत."

त्या वर्षी राखेचा बुधवार आला आणि गेला, आणि अंकलनी झावळ्या दिल्याच नाहीत. अजून जमलं नव्हतं, मग मोडायची कशी? गावातून पुरेशा झावळ्या जमल्या नाहीत म्हणून शेजारच्या चर्चमधून राख मागून आणावी लागली. ही गोष्ट बायकांना फार लागली. आशीर्वादलेल्या वस्तूवर कुणी गोट्या खेळतं का? अंकलना कुणी काही बोललं नाही, बोललं ते आंटींना. शेजारच्या रोझीबाय आणि आंटी शाळेपासूनच्या मैत्रिणी, पण रोझीबायनी महिनाभर फाटकातून आत पाऊल टाकलं नाही. आंटी रविवारी चर्चच्या पुढच्या बाकावर बसायच्या, त्या आता मागे बसू लागल्या. मला त्यांचं वाईट वाटायचं. अंकलचंही वाटायचं, पण त्यांना ते कळलं नसतं.

पुढच्या वर्षी राखेचा बुधवार जवळ आला तसं आंटींनी स्वतःच रोझीबायच्या घरी जाऊन शब्द दिला. आधीच्या सोमवारी संध्याकाळी सगळ्या झावळ्या, पातीन् पात, चर्चमध्ये जमा होईल. घरी येऊन त्यांनी अंकलना माझ्यासमोरच सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं म्हणजे मराठीत सांगितलं. मी साक्षीदार असावा अशी त्यांची इच्छा असणार.

"सोमवारपर्यंत काय ते करा. एक येऊ दे नाही तर दोन. सोमवारी मी पाती सोडवनार."

अंकलनी मेणाची पिशवी जवळ ओढली. त्यांचं वय बघता पुन्हा गावभर हिंडून पाती जमवणं होणार नव्हतं आणि आता कुणी दिल्याही नसत्या. कॉलेजातल्या त्या वर्गापासून राहिलेलं एवढं एकच काम होतं आणि ते याच पन्हळीवर व्हायचं होतं. शनिवारी ते दिवसभर पडवीत होते. मी वरून ऐकत होतो. आवाज आता इतके जवळ आले होते, की मला वेगळे करता येत नव्हते. मी श्वास रोखून आंटींची वाट बघायचो. आतून थोडा वेळ काहीच यायचं नाही, आणि मग, अगदी नाइलाजाने बोलल्यासारखं, "दोन."

रविवारी सकाळी मला गावी जावं लागलं, चुलत बहिणीचं लग्न होतं. निघताना अंकल पन्हळीवर मेण घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

बुधवारी संध्याकाळी परत आलो. पडवी रिकामी होती. पन्हळी नव्हत्या, चौकट नव्हती, पाट धुऊन उन्हाला लावला होता. अंकल खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या कपाळावर राखेचा क्रूस होता, चांगला काळाकुट्ट, डांबराने काढल्यासारखा.

"एक आला," अंकल म्हणाले.

"काय सांगता! कधी?"

"सोमवारी दुपारी. गोट्या सोडल्या, आणि आंटी म्हणाली, एक."

"मग?"

"मग काय, सोडवल्या सगळ्या पाती आणि नेऊन दिल्या. मीच दिल्या. काल जाळल्या." मग ते जरा खुशीत येऊन म्हणाले, "मेणामुळे राख चिकट झालीय, कोर्ट. फादरांच्या बोटाला सुटत नव्हती. सगळ्या गावाची कपाळं अशीच आहेत."

ते खरं होतं. येताना रस्त्यात दोन माणसं कपाळ घासताना दिसली होती. त्याच वेळी रोझीबाय फाटकातून आत आल्या, कपाळाला खोबरेल चोळत आणि हसत, आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. आतून दोघींचा आवाज येऊ लागला. भांडण नव्हतं, एवढं आता मला कळायचं.

"पण अंकल," मी म्हटलं, "आणखी एकदा सोडून बघायचं होतं. लगेच कशाला मोडलीत?"

"एकदा आला तर आला," अंकल म्हणाले.

कुलूप दोनदा ओढणारा, रक्तदाब तीनदा मोजणारा हा माणूस. रात्रभर माझ्या डोक्यातून ते वाक्य गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंकल पाव आणायला गेलेले बघून मी लग्नाचे लाडू द्यायच्या निमित्ताने खाली आंटींकडे गेलो. त्या नारळ खोवत होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी विचारलं, "आंटी, सोमवारी खरंच एक आला?"

"कोर्टात विचारता तसं विचारू नका," आंटी म्हणाल्या. मग खोवणं थांबवून त्यांनी पडवीकडे बघितलं. कुणी नव्हतं. "मिक्सर चालू होता. चटनी वाटत होती मी. एक काय नि दोन काय, मला गोटीचाच आवाज आला नाही. दोरी ओढलेली तेवढी दारातून दिसली."

"आणि तुम्ही एक म्हणालात?"

"संध्याकाळी द्यायचं होतं ना सगळं. दोन म्हटलं असतं तर दोनवरच मोडायला लागलं असतं त्यांना." त्यांनी पुन्हा नारळ हातात घेतला. "मी कधी खोटं बोलले नाही त्यांच्याशी. फादरांना सांगितलं मी ते. तुम्ही मात्र त्यांना सांगू नका हं, फार लागेल त्यांना."

मी नाही सांगणार म्हटलं. आंटींनी खोवलेलं खोबरं मिक्सरमध्ये घातलं आणि बटण दाबलं. मी पडवीत आलो. अंकल येऊन त्यांच्या खुर्चीत बसले होते, पावाची पुडी मांडीवर. ते मला काही तरी म्हणाले. नुसते ओठ हललेले दिसले. मी कानाला हात लावून काय म्हणून खूण केली. त्यांनी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला नाही. हाताने मला समोर बसायला सांगितलं आणि आम्ही दोघं तो घरघराट थांबायची वाट बघत बसलो.

मिक्सर थांबला. अंकल स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते.

"या वयात कान किती तल्लख आहे बघा आंटीचा," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.